आईच्या माहेरची बुडी

कल्याणच्या एसटी स्टँडवर कंडक्टरने आमचं सामान पाहिलं आणि तो गाडीच्या दारातच आडवा उभा राहिला. वळकटी, ट्रंक, फराळाचा डबा यांना त्याची हरकत नव्हती. गोणपाटात गुंडाळलेल्या दोन लोखंडी टाक्या मात्र त्याला पसंत नव्हत्या.

"ह्यात काय हाय?"

"हवा," बाबा म्हणाले.

"कसली हवा?"

"साधी. आपण घेतो तीच."

"आन् ही कुठं चालवली?"

"नगरकडे. राहुरीला."

कंडक्टर मागे वळून ड्रायव्हरला म्हणाला, "ऐकलं का? नगर जिल्ह्यात हवा न्हाई म्हनं. पाव्हनं मुंबैहून भरून चाल्लेत."

सगळी गाडी हसली. बाबाही हसले. टाक्या शेवटच्या बाकाखाली आडव्या गेल्या आणि माझे नि माझा थोरला भाऊ सुधीर याचे पाय वाटभर त्यांच्यावर राहिले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर पाऊस चांगला झालेला, त्याच्या पुढची ती दिवाळी.

त्या टाक्यांची गोष्ट आधी सांगायला हवी. बाबा मुंबईच्या गोदीत पाणबुडे होते. बोटीच्या तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडणं, पंख्यात अडकलेला दोर कापणं, अशी त्यांची कामं. गोदीत ते पितळी टोप चढवून उतरायचे आणि वरून माणसं पंपाने हवा पुरवायची. पण भंगारबाजारात एकदा त्यांना एक वेगळाच संच मिळाला. मोडीत निघालेल्या कुठल्याशा परदेशी बोटीवरचा असावा. पाठीवर बांधायच्या दोन टाक्या, एक अंडाकृती काचेचा रबरी मुखवटा, बदकाच्या पायांसारखी पादत्राणं आणि एक गोल डबा. त्या डब्याच्या दोन्ही बाजूंनी कानामागून तोंडापर्यंत येणाऱ्या जाड, वळ्यावळ्यांच्या नळ्या होत्या. नळ्यांचं रबर ठिकठिकाणी तडकलेलं. बाबांनी ते सायकलच्या पंक्चरच्या ठिगळांनी सांधलं. कमरेला बांधायची शिशाची वजनं त्यांनी घरीच, आमच्या चाळीच्या गॅलरीत, लोखंडी पळीत शिसं वितळवून ओतली. शेजारच्या काकू दार लावून बसल्या होत्या त्या दिवशी.

हवा किती उरली हे सांगणारा काटा त्या संचाला नव्हता. श्वास ओढायला जड जायला लागला की हवा संपत आली असं समजायचं. मग पाठीमागची एक दांडी खाली ओढायची. त्याने राखून ठेवलेली थोडी हवा सुटायची, आणि तेवढ्यात वर यायचं.

रविवारी आम्ही चौघं लाँचने अलिबागकडे जायचो आणि ओळखीच्या एका कोळ्याच्या होडीतून पाळीपाळीने बुडी मारायचो. गोदीतल्या एका मित्राकडून बाबा टाक्या भरून आणत. सुधीर खाली गेला की धसमुसळेपणा करायचा. मी दोराला धरूनच असायचे. आमच्यात सगळ्यांत चांगली होती आई. तिचे बुडबुडे संथ, एकामागून एक, जपमाळेच्या मण्यांसारखे वर येत. बाबांची टाकी निम्म्या वेळात संपायची, आईची पुरून उरायची. "तुझ्या आईला पाण्याखाली घाई नसते," बाबा म्हणायचे. यात कौतुक होतं आणि थोडा हेवाही.

ती पोहायला शिकली ती मुळा नदीत. राहुरी तालुक्यातलं बेलसांगवी हे तिचं माहेर. नदीवर धरण झालं आणि बेलसांगवी पाण्याखाली गेली. गाव हलवलं तेव्हा आई मुंबईत होती. दुष्काळात पाणी पार आटलं, गावाच्या भिंती उघड्या पडल्या. आजोबा आणि मामा तिथे गाळपेरीला (पाणी ओसरल्यावर गाळात करतात तो पेरा) गेले. तेव्हाही आईला जाता आलं नाही, कारण सुधीरची अकरावीची परीक्षा होती. मग पाऊस आला आणि धरण पुन्हा भरलं. मामाचं पत्र वाचून आई एवढंच म्हणाली, "एकदा घर बघायचं राहिलं."

बाबा म्हणाले, "राहिलं कसं? आपल्याकडे टाक्या आहेत."

एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो.

माळशेज घाट चढताना अजूनही कड्यांवरून पाण्याच्या बारीक रेषा उतरत होत्या. आळेफाट्याला चहा नि भेळ झाली. पुढे मुलूख बदलला. डोंगर मागे सरले, झाडं विरळ झाली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरीची कापलेली ताटं उभी करून ठेवलेली. खिडक्यांतून धूळ यायची आणि बाबा शिंकायचे. नगरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्यांचं नाक पूर्ण चोंदलं होतं. लष्करी गाड्यांची एक रांग रस्त्यावरून जात होती, ती संपेपर्यंत आम्ही टाक्या धरून उभे राहिलो. तिथून राहुरीची गाडी धरली. राहुरीला मामा बैलगाडी घेऊन आला होता.

"आक्का, लई वाळलीस," तो आईला म्हणाला. मग टाक्यांकडे बघून, "दाजी, ह्या गाडीत फुटायच्या न्हाईत न्हवं?"

नवी बेलसांगवी मला गाव वाटलीच नाही. सरळ रेघांत आखलेले रस्ते, सारखी घरं, पत्र्याची छपरं, आणि दारोदारी काटेरी कुंपणातली कमरेएवढी कडुलिंबाची रोपं. सावली देणारं एकही झाड नव्हतं. आई घरात शिरली ती पाहुण्यासारखी. पाण्याचा तांब्या कुठे, चूल कोणत्या कोपऱ्यात, हे तिला वहिनीला, म्हणजे आमच्या मामीला, विचारावं लागत होतं.

त्या दिवशी मामीने शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाची बोटभर वेटोळी लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवतात. बाबांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. आजोबा, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, भाकरी कुस्करून निमूट जेवत होते. हात धुतल्यावर ते बाबांना म्हणाले, "जावईबापू, त्या पान्यात जाऊ नगा."

"का, नाना?"

"आमी दोनदा उठलो तिथनं. एकदा धरन झालं तवा, आन् एकदा औंदा. दुष्काळात जुन्या घरावर पाचट टाकून ऱ्हायलो हुतो मी. वाटलं, आता काय पानी येत न्हाई. आलं. जे गेलं ते जाऊ द्यावं, त्याला वरनं जाऊन बघू नये."

आई खाली बघत होती. ती म्हणाली, "नाना, तुमी तरी दोनदा बघितलं. मी एकदाबी न्हाई."

नाना उठून बैलांना वैरण टाकायला गेले.

संध्याकाळी शेवंतामावशी आली. आईची लहानपणची मैत्रीण. जुन्या गावात दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती आणि दारासमोर एक जुनी चिंच. शेवंतामावशीला गावातच दिलेली, त्यामुळे तीही इथेच उठून आली होती. दोघी ओट्यावर बसल्या आणि आईची भाषा बघताबघता बदलली. मुंबईत आम्हाला 'नीट बोला' म्हणणारी आई 'व्हय गं', 'न्हाई गं' करत खिदळायला लागली. सुधीर माझ्याकडे बघून भुवया उडवत होता.

"सुमे, तू खरंच खाली जानार?" शेवंतामावशीने विचारलं.

"तर काय. परवा जाते."

"मग येताना बघून ये, चिंचंखालचा आपला कट्टा हाय का ढासळला. तिथं माझं बोट चेचलं हुतं, आठवतंय?"

"तू मला ढकललं हुतंस म्हनून!"

मावशीचा मुलगा नामदेव तिला न्यायला आला. विशीतला, उंच, दात थोडे पुढे. त्याच्या हातात गवतात ओवलेली एक मरळ (काळी, चवदार मासळी) होती. ती त्याने आमच्या मामीपुढे ठेवली. धरण भरल्यापासून तो ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून पाण्यात जाळं टाकायचा. शेती गेली होती, नवी जमीन खडकाळ होती. "पान्यानं वावर घेतलं, तर पान्याकडनंच वसूल करायचं," तो म्हणाला आणि हसला. मग टाक्यांभोवती फिरून त्याने प्रत्येक पट्टा, प्रत्येक नळी हात लावून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टाकी त्यानेच खांद्यावर घेतली. धरणात रस्ते बुडाल्यामुळे माणसांना पलीकडे नेणारी एक नाव होती. नावाड्याला मामाने तयार केलं होतं. समुद्र मी पुष्कळदा पाहिला होता, पण हे पाणी हलत नव्हतं. कडेने बाभळींचे वाळके शेंडे वर आले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. गाव पाण्यात कुठे आहे ते आईने हाताने दाखवलं. "खंडोबाच्या टेकडीचं नाक त्या कड्याच्या खाली आलं पायजे. आता डावीकडं घ्या. बास. आता आपन देवळावर हाय." नावाड्यानेही मान डोलावली.

ठरलं असं की आधी बाबा जाऊन सगळं बघून येतील, आणि दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेची ओवाळणी झाल्यावर, दुसरी टाकी घेऊन आई जाईल. टाक्या भरायची सोय नगर जिल्ह्यात कुठेच नव्हती. होती ती हवा तेवढीच.

बाबा उतरले. पाणी पाच-सहा पुरुष (उभ्या माणसाच्या उंचीचं माप) खोल होतं. त्यांना अशी खोली म्हणजे काहीच नव्हे. पण चोंदलेल्या नाकाने बुडी मारू नये, हे आम्हाला शिकवणारे बाबा स्वतःच विसरले होते. किंवा विसरले नव्हते, आईचा हिरमोड करायचा नव्हता. थोड्याच वेळात दोराला एकापाठोपाठ तीन हिसके बसले. तीन म्हणजे वर ओढा. त्यांना वर घेतलं तेव्हा त्यांच्या कानातून रक्ताचा ओघळ मानेवर उतरत होता.

"काही नाही, कान फुटला," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले, कारण त्यांना स्वतःचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. "खाली बरंच स्पष्ट दिसतंय. दोन हात तरी दिसतं."

आई घाबरली होती. बाबांनी मात्र दिवस वाया जाऊ दिला नाही. त्या टाकीत बरीच हवा उरली होती. काठाशी कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी ती सगळ्यांना वाटली. मी, सुधीर, मामाची पोरं, काठावर जमलेली गावातली मुलं, सगळ्यांनी दोन-दोन श्वास घेतले. नामदेवही बसला पाण्यात. बराच वेळ वर आलाच नाही. शेवटी बाबांनी खांद्याला धरून उठवला तेव्हा तोंडातली नळी काढून तो ओरडला, "आयला, मासा झालो की मी!" काठावर बसलेली शेवंतामावशी तोंडाला पदर लावून हसत होती. टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही खेळलो. माझ्या बालपणातला इतका आनंदाचा दिवस मला दुसरा आठवत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी नामदेव जाळं टाकायला गेला आणि परतला नाही.

सकाळी ट्यूब काठाला लागलेली सापडली. जाळ्याचे तरंगते भोपळे गावावरच्या पाण्यात एका जागी अडकून राहिले होते. पोहणारे पाच-सात जण जाऊन आले. त्यांनी जाळं ओढून पाहिलं, ते खालून सुटत नव्हतं. ते सोडवायलाच नामदेव खाली उतरला असणार, असं सगळे म्हणाले. गळ टाकले, गळही अडकले. इतक्या खोल, इतक्या गार पाण्यात श्वास कोंडून कोणी टिकेना.

आईने ओवाळणीचं ताट तयार केलं होतं. मामा पाटावर बसला होता. तेवढ्यात शेवंतामावशी दारात आली. ती रडत नव्हती. केस सुटलेले, पायांना चिखल.

"सुमे, तुझी एक टाकी भरलेली हाय न्हवं?"

आईने ताट खाली ठेवलं.

"तो जित्ता न्हाई, मला ठावं हाय," मावशी म्हणाली. "पर असा पान्यात नगं ठिवूस त्याला. मला त्याचं तोंड दाव."

बाबा लगेच उठले. "मी जातो."

"तुमी?" आई म्हणाली. "रात्रभर कानाला कापूस लावून बसलाय. खाली गेलात तर भोवळ येऊन तिथेच पडाल."

सुधीर म्हणाला, "मी जातो, आई." तो सतरा वर्षांचा होता.

"तुला तिथली वाट माहीत नाही. त्या जाळ्यात तूच अडकशील." आईने पदर खोचला. "भोपळे कुठे आहेत ते मी सकाळी काठावरून पाहिलंय. ते चिंचेवर आहेत. ती जागा मला अंधारातही सापडेल."

चिंच गाव हलवताना तोडली नव्हती. तिच्या बुडाशी मरीआईचा दगड होता, म्हणून ठेकेदाराच्या माणसांनीही तिला कुऱ्हाड लावली नाही. तीच तिथे, पाण्याखाली, वाळक्या फांद्या पसरून उभी होती.

आईने सुधीरची पँट घातली, वर बाबांचा लोकरी स्वेटर, त्यावर पट्टे. गावातली सगळी माणसं काठावर होती. नानांपुढे आई डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसे. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. नाना पुढे आले आणि म्हणाले, "कापडाचा इचार करू नगंस. जा, त्याला घिऊन ये." आणि ते स्वतः नावेत येऊन बसले.

नावेत आम्ही मोजकीच माणसं होतो. बाबांनी आईच्या कमरेला दोर बांधला, दुसरा एक मोकळा दोर तिच्या हातात दिला, पायाला सुरी बांधली. मुखवट्याच्या काचेवर तिने थुंकी चोळली, नेहमी करायची तशीच. मग बाबांना म्हणाली, "दोर घट्ट धरू नका, सैल सोडा. मला फिरावं लागेल." आणि पाण्यात शिरली.

मी बुडबुडे बघत होते. आधी ते तसेच आले, संथ, मण्यांसारखे. दोर थोडा थोडा सरकत होता. एका जागी तो थांबला. बुडबुडे वाढले, भराभर यायला लागले. बाबा नावेच्या कडेवर वाकले. आईचे बुडबुडे असे कधीच येत नसत. मग ते पुन्हा संथ झाले. बाबा हलकेच म्हणाले, "सापडला."

खाली काय झालं ते आईने पुढे एकदाच, तेही तुटक तुटक, सांगितलं. ती आधी घराच्या भिंतीवरच उतरली होती. भिंत उरली होती छातीएवढी. तिला धरून ती पुढे गेली. दाराची चौकट नव्हती, पण उंबऱ्याचा दगड तिने पायाने ओळखला. तिथून चिंच अकरा पावलं, लहानपणी मोजलेली. वर पाहिलं तेव्हा नामदेव फांद्यांत होता. जाळं त्याच्या पायांना आणि फांद्यांना असं गुंतलं होतं की तो झाडावर चढून बसल्यासारखा दिसत होता. तिने जाळं कापायला घेतलं. बराच वेळ लागला. मध्येच श्वास जड झाला. तिने दांडी ओढली. तेव्हा खरं तर वर यायला हवं होतं. ती आली नाही. राखीव हवेवर तिने शेवटचे पीळ कापले, दोर त्याच्या काखेतून घेतला आणि गाठ मारून हिसका दिला.

नामदेवला मामाने आणि नावाड्याने वर घेतलं. आई त्याच्या मागोमाग वर आली. नावेची कड धरून तिने तोंडातली नळी काढली आणि नुसता श्वास घेत राहिली. तिला वर ओढली तेव्हा नानांनी डोक्याचा पटका सोडून तिच्या अंगावर घातला. इतक्या वर्षांत मी नानांचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं. ते पूर्ण पांढरं होतं.

काठावर शेवंतामावशीने मुलाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या केसांतली शेवाळं एकेक करून काढली. तिने आईकडे पाहिलं नाही. आईही दूर, ओल्या कपड्यांत उभी होती. मला वाटलं, आता त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील. पण तसं झालं नाही. पोलीस पाटील आले, पंचनामा झाला, आणि दुपारी त्याला नदीच्या नव्हे, धरणाच्या काठावर अग्नी दिला.

आम्ही आणखी दोन दिवस राहिलो. भाऊबीज झालीच नाही. निघायच्या दिवशी आई शेवंतामावशीकडे गेली. मला बरोबर नेलं. मावशी भिंतीला टेकून बसली होती. आई तिच्या शेजारी बसली. मग मावशीने विचारलं, "चिंचंत हुता व्हय?"

"व्हय."

"आपल्याच चिंचंत."

आईने मान हलवली. मावशीने आईचा हात एकदा धरला आणि सोडला. "जा," ती म्हणाली, "गाडी चुकंल."

परतीच्या वाटेवर बाबा डाव्या कानावर हात ठेवून बसले होते. तो कान पुढे कायमचा गेला. गोदीतली बुडी बंद झाली, त्यांना वर पंपावर काम दिलं. घाटात सुधीरने आईला विचारलं, "आई, घर दिसलं?" आई बाहेर बघत म्हणाली, "दिसलं."

मुंबईला पोचल्यावर दुसऱ्या सकाळी बाबा रिकामी टाकी भरून आणायला निघाले होते. बहुधा सवयीने. आईने त्यांना थांबवलं. मग ती दुसरी टाकी, जी तिने पाठीवर नेली होती, ती ओढत गॅलरीत घेऊन गेली. तिच्यात तळाशी थोडी हवा उरली होती. आईने झडप उघडली. फुस्स आवाज येत राहिला. वाळत घातलेलं फडकं त्या झोतात हलत होतं. आवाज बारीक होत थांबला तेव्हा तिने झडप घट्ट बंद केली आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. संच पुढे बाबांनी गोदीतल्या मित्राला देऊन टाकला. आम्ही पुन्हा कधी बुडी मारली नाही.

त्या प्रवासात कोणाचं चुकलं, हे मी पुष्कळदा मनात घोळवून पाहिलं. कोणाचंच नाही. आई गेली हे बरोबर होतं, आणि दुसरा इलाजही नव्हता. पण ज्या गावाकडे ती इतकी वर्षं मनात जाऊन यायची, तिथे तिला आता मनातही जाता येईना. बोलताबोलता घर, अंगण, कट्टा असं काही आलं की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. माहेरी जायची ती मामाच्या पोरांच्या लग्नकार्यापुरती आणि नाना गेले तेव्हा. शेवंतामावशी समोर आली की दोघी 'बरं हाय का' म्हणायच्या आणि बाजूला व्हायच्या. रुसवा नव्हता. एकमेकींकडे बघितलं की दोघींनाही एकच गोष्ट दिसत असावी.

लग्न झाल्यावर, पुष्कळ वर्षांनी, मी एकदा एकटी नव्या बेलसांगवीला गेले. कडुलिंब आता घरांहून उंच झाले होते, त्यांच्याखाली माणसं बसत होती. शेवंतामावशीने मला ओळखलं. ज्वारी निवडत होती, सूप बाजूला ठेवून तिने मला जवळ बसवलं, गूळ नि पाणी दिलं.

"सुमी न्हाई आली?"

"नाही, मावशी."

ती थोडा वेळ दाण्यांतून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिला म्हनावं, ये एकदा. मी काय इचारनार न्हाई. नुसतं बसू."

मी घरी आल्यावर तो निरोप आईला दिला. ती खिडकीशी उभी होती. पाठमोरीच म्हणाली, "जाऊ की. दिवाळीत जाऊ." मला फार बरं वाटलं. तिने नवं लुगडं घेऊन ठेवलं, शेवंतामावशीसाठी, हिरवं.

दिवाळीला महिनाभर होता तेव्हा मामाची तार आली. शेवंतामावशी गेली होती. आईने तार वाचून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मी उगीच दिवाळी म्हटलं. लगेच निघायला हवं होतं."